बैलाचं औषध मनीला नको!

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटेत वाटूर फाटा लागतो. तिथून परतूरचा रस्ता फुटतो. वाटूरला माझ्या मोठ्या नणंदेचे घर आहे. गोठ्यात बैलजोडी, दारात वाघ्या कुत्रा आणि चुलीजवळ पाय पोटाशी घेऊन झोपणारी मनी. खेड्यातल्या कुठल्याही घरी असतो तसाच हा गोतावळा.

एका पावसाळ्यात मनीच्या कानामागचे आणि पंजावरचे केस चकत्या पडल्यासारखे गेले. आठ-दहा दिवसांत वन्संच्या नातवाच्या मानेवर लाल कडेचा गोल चट्टा उठला. ‘मांजरीचे किडेच पोराला लागले,’ असं ठरवून वन्संनी बैलांच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली काढली, फडक्यावर औषध घेतलं आणि मनीच्या अंगाला चोळलं. संध्याकाळी मनी थरथरू लागली. तोंडातून लाळ, मग झटके. रात्रीतच ती गेली.

मी गेले तेव्हा वन्सं म्हणाल्या, “वैनी, बैलाला चालतं तेच लावलं होतं गं. अन् तेबी थोडंसंच.”

इथे दोन चुका झाल्या, आणि दोन्ही तुमच्याआमच्या हातून सहज होण्यासारख्या आहेत. पहिली चूक ओळखण्याची. मनीला झाले होते गजकर्ण. ते किड्याने होत नाही, बुरशीने होते. तेव्हा गोचिडाचे औषध तिथे कामाचेच नव्हते. दुसरी चूक औषधाची. गोचिडांच्या बाटल्यांत बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असते. बैलाचे शरीर ते पचवून बाहेर टाकते, मांजरीच्या यकृताला ते जमत नाही. शिवाय मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे लावलेले औषध पोटातही जाते. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते, तेही मांजरीला विषच. फिनेल आणि आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळीही तशीच.

म्हणून आधी खाज कशाची ते पाहा.

पिसवा : पांढरे फडके ओले करा आणि जनावराच्या अंगावरून बारीक दातांची फणी फिरवून निघालेला काळा चुरा त्यावर झटका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, म्हणजे पचलेले रक्त. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पोटात पट्टकृमीही आहेत. ते बहुधा पिसू गिळल्याने होतात.

गोचीड : कान, मान आणि बोटांच्या बेचक्यांत पाहा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, हाताने चिरडू नका. कुत्र्याला गोचिडांमुळे ताप येतो, ते खाणे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात. असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खरूज : कानाच्या कडा आणि कोपरांपासून सुरुवात, केस झडतात, खपल्या धरतात, कुत्रे रात्रभर खाजवते. त्याला जवळ घेणाऱ्यांच्या हातापोटावरही पुरळ उठते. कुत्र्यावर उपचार झाले की बहुधा माणसांचे आपोआप बसते. यावर गाडीचे जळके ऑइल किंवा रॉकेल लावायची खेड्यात पद्धत आहे. कृपा करून लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जाते. कडुलिंबाच्या पाण्याने पुसायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. इंजेक्शन किंवा गोळी वजन पाहून डॉक्टरांनीच द्यायची.

गजकर्ण : गोल चकती, तुटके केस, कोंडा. घरातल्या मुलांना लगेच लागते. मुलाला दुकानातून विचारून आणलेले मलम लावू नका. त्यात स्टेरॉइड असले तर खाज थांबते, पण गजकर्ण आत पसरत राहते. मुलाला आणि मांजरीला, दोघांनाही आपापल्या डॉक्टरांकडे न्या आणि औषध सांगितले तितके आठवडे पूर्ण करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. औषध जनावराला लावून अर्धेच काम होते. पिसवांची अंडी गोणपाटात आणि फटीत पडतात, रक्त पिऊन फुगलेली गोचीड भिंतीच्या सांदीत जाऊन हजारो अंडी घालते, गजकर्णाचे झडलेले केस महिनोन्‌महिने रोग धरून ठेवतात. जनावराचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा आणि कडक उन्हात टाका. रोज झाडलोट करून केर लांब टाका. गोठ्याच्या फटी लिंपून घ्या. घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी उपचार करा. एकाला सोडलं तर पुन्हा पहिले पाढे.

पिल्लांना दोन आठवड्यांची झाल्यापासून जंताचे औषध सुरू करावे लागते, कारण आईकडूनच जंत येतात. त्यांची विष्ठा अंगणात पडू देऊ नका. अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायात त्यातल्या अंकुशकृमींच्या अळ्या शिरतात आणि कातडीखाली नागमोडी रेघ उठते.

मांजरीला चुकून असे औषध लागलेच, तर कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने लगेच धुऊन काढा, कोरडे करून उबेत गुंडाळा, तेल-दूध पाजू नका, आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा. पशुवैद्यकीय सल्ल्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मराठवाड्यात परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे. अवघड दुखण्यासाठी तिथवर जाता येते.

वन्संचा नातू दीड महिन्यात बरा झाला. पोराला लागण झाली म्हणून वाघ्यालाही लांब सोडून यायचे घरात चालले होते. डॉक्टरांनी त्याला तपासले, त्याला गजकर्ण नव्हतेच. तो आहे तिथेच आहे. यंदा शेजारणीने दिलेले पिल्लूही घरात आले आहे. वन्संनी गोचिडाची बाटली कडीकुलपाच्या कपाटात ठेवली आणि सुनेकडून तिच्यावर चिठ्ठी चिकटवून घेतली : “फक्त बैलांसाठी.”

तुमच्याही घरी अशी बाटली असेल. आज दुपारी तेवढी चिठ्ठी लावून टाका.