साम्याची टक्केवारी कोण ठरवते?

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान चौकशी समितीच्या अहवालातून पुढे आलेले मुंबईचे सीसीटीव्ही जाळे २०१६ मध्ये कार्यान्वित झाले, आणि लालबागहून गिरगाव चौपाटीला जाणारी विसर्जनाची वाटही आता पोलिसांच्या कॅमेऱ्यांच्या नजरेखाली असते. कॅमेरा मात्र केवळ चित्र टिपतो. त्या चित्रातील चेहऱ्याच्या ठेवणीचे गणित मांडून ते साठवलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहणारी संगणकीय यंत्रणा म्हणजे चेहरा ओळख प्रणाली. महाराष्ट्र पोलिसांच्या ‘ॲम्बिस’ या ओळख पटवणाऱ्या यंत्रणेमध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळांबरोबर चेहऱ्याचीही नोंद ठेवण्याची सोय आहे.

अशा यंत्राचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे नसून साम्याच्या अंशात असते, आणि किती साम्य पुरेसे मानायचे हे माणसेच ठरवतात. दिल्ली पोलीस ८० टक्क्यांहून अधिक साम्य ग्राह्य धरतात, हे २०२२ मध्ये माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातून उघड झाले. साम्याचे ८० टक्के म्हणजे खरेपणाचे ८० टक्के नव्हेत, हे मात्र त्या आकड्याच्या भारदस्तपणात सहज विसरले जाते.

ही मर्यादा कोणत्या नियमाने ठरते, हे नागरिकालाही विचारता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार कामकाजाचे नियम, सूचना व नियमपुस्तिका शासकीय कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या असतात. त्या न सापडल्यास नागरिक १० रुपये शुल्क भरून जनमाहिती अधिकाऱ्याकडे, कारण न सांगता, अर्ज करू शकतो आणि त्याचे उत्तर साधारणपणे ३० दिवसांत मिळावे लागते. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा असल्यामुळे ‘सर्व माहिती द्यावी’ अशी मोघम मागणी निरुपयोगी ठरते; साम्याची मर्यादा ठरवणारे परिपत्रक, छायाचित्रे जपण्याची मुदत, ज्यांचे चेहरे शोधायचे त्यांच्या यादीत नाव घालण्याचा अधिकार कोणाला, असे नेमके विचारावे लागते.

कलम ८ मधील सुरक्षा आणि तपासात अडथळा हे अपवाद खरे आहेत, पण ते संशयिताच्या नावाला जितके लागू पडतात तितके नियमाला नाहीत; शिवाय कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला कागद देता येतो. ब्रिटनमधील साउथ वेल्स पोलिसांच्या चेहरा ओळख प्रणालीविषयीच्या प्रकरणात अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये, यादीत कोणाला घालायचे आणि कॅमेरे कुठे लावायचे हे पोलिसांच्या मर्जीवर फार सोडले आहे, असा ठपका ठेवला, आणि तो ठेवता आला तो पोलिसांची धोरणे न्यायालयासमोर असल्यामुळेच.