जुनी इमारत वाचवायची, पण खर्च कोणी उचलायचा? कॅनडातल्या शहरांचा अनुभव

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की कॅनडा हा तर तरुण देश, तिथे कसला आलाय वारसा? सव्वाशे वर्षांच्या इमारतीला आपल्याकडे कोणी जुनी म्हणत नाही. पण खरं तर म्हणूनच तिथला प्रश्न अवघड आहे. जुनं मुळातच थोडं असलं, की एक इमारत गेली तरी शहराच्या आयुष्यातला एक अख्खा काळ डोळ्यांसमोरून जातो. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. टोरांटो आणि व्हँकुव्हरसारख्या शहरांत घरं कमी आहेत, भाडी परवडत नाहीत आणि नवीन माणसं येतच आहेत. त्यात आपली मराठी मुलंही आहेत. त्यांना घर हवं आहे. मग जुन्या विटा सांभाळायच्या की नवे मजले चढवायचे?

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. हा वाद वरवर सौंदर्याचा किंवा आठवणींचा वाटतो. प्रत्यक्षात निकाल लागतो तो दोन साध्या प्रश्नांवर: निर्णय कधी घेतला, आणि त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडला?

दोन शहरं, दोन निकाल

टोरांटोपासून सुरुवात करू. तिथे क्वीन स्ट्रीटवर घड्याळाचा उंच मनोरा असलेली दगडी इमारत आहे, जुना सिटी हॉल. ई. जे. लेनॉक्स या वास्तुविशारदाची ही इमारत १८९९ मध्ये पूर्ण झाली. १९६५ मध्ये शेजारीच नवा सिटी हॉल उघडला आणि जुना रिकामा पडणार असं दिसू लागलं. त्याच सुमाराला ईटन या दुकान कंपनीने भल्यामोठ्या व्यापारी संकुलाचा आराखडा मांडला. त्यात जुना सिटी हॉल पाडून फक्त मनोरा ठेवायचा होता. म्हणजे बघा, देऊळ पाडायचं आणि दीपमाळ ठेवायची! नागरिक चिडले, संघटित झाले आणि १९६७ मध्ये ती योजना बारगळली. पुढे १९७७ मध्ये ईटन सेंटर उभं राहिलंच, पण सिटी हॉलला आणि मागच्या होली ट्रिनिटी चर्चला हात न लावता. आज दोन्ही आहेत, आणि संकुलही जोरात चालतं.

आता मॉन्ट्रियल. शेरब्रुक स्ट्रीटवर कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष विल्यम व्हॅन हॉर्न यांचं घर होतं. सप्टेंबर १९७३ मध्ये ते पाडलं गेलं. क्वीबेक प्रांताने वारसा संरक्षणाचा कायदा आदल्याच वर्षी केला होता, पण या घराला त्याचं कवच मिळालं नाही. लोकांना धक्का बसला. त्यातून ‘सेव्ह मॉन्ट्रियल’ ही चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये फिलिस लँबर्ट यांच्या पुढाकाराने ‘हेरिटेज मॉन्ट्रियल’ ही संस्था. व्हॅन हॉर्न यांचं घर मात्र परत आलं नाही. टोरांटोत लोक आराखडा कागदावर असतानाच उभे राहिले. मॉन्ट्रियलमध्ये मोठी जाग आली ती घर पडल्यावर.

कायद्याचं कुलूप कोणाकडे?

अनेकांना वाटतं, राष्ट्रीय स्मारक म्हणून पाटी लागली की इमारत सुरक्षित. कॅनडात तसं नाही. तिथल्या राज्यघटनेनुसार मालमत्तेचे हक्क हा प्रांतांचा विषय आहे. त्यामुळे केंद्र सरकारने एखादी खासगी इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवली, तरी तो मान असतो. तेवढ्याने मालकाचा हात धरता येत नाही. खरं कुलूप प्रांताच्या कायद्यात आहे आणि किल्ली बहुतेक वेळा महापालिकेकडे.

ऑन्टारिओ प्रांताचा हेरिटेज कायदा १९७५ चा. सुरुवातीला त्यात एक मोठी फट होती. महापालिका पाडकाम काही महिने लांबवू शकत असे, कायमचं थांबवू शकत नसे. मालकाने तेवढे महिने वाट पाहिली, की मोकळा. ही फट बुजवायला २००५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर संरक्षित इमारत पाडायला साफ नकार देण्याचा अधिकार महापालिकांना मिळाला.

आता इथे एक फरक नीट समजून घ्या. ऑन्टारिओत दोन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे नोंद. इमारत महत्त्वाची वाटते म्हणून ती यादीत घातलेली असते. तिला संरक्षण नसतं. पाडायची असेल तर मालकाने ६० दिवस आधी कळवायचं, एवढंच. दुसरी पायरी म्हणजे स्वतंत्र ठराव करून इमारत रीतसर संरक्षित घोषित करणं. त्यासाठी संशोधन लागतं, माणसं लागतात, वेळ लागतो. म्हणून बहुतेक शहरांनी याद्या लांबलचक केल्या आणि घोषणा थोड्या. एकट्या टोरांटोत नुसत्या नोंदलेल्या मालमत्ता सुमारे ४,००० होत्या.

२०२२ मध्ये प्रांताने घरबांधणीला वेग देण्यासाठी कायदा केला. त्यात असं ठरलं, की नोंदलेली इमारत दोन वर्षांत संरक्षणाच्या मार्गाला लावा, नाहीतर यादीतून काढा. आणि एकदा काढली की पाच वर्षं परत घालायची नाही. शहरांनी सांगितलं, एवढं काम एवढ्या वेळात होणार नाही. तेव्हा २०२४ मध्ये मुदत वाढवून १ जानेवारी २०२७ केली गेली. याचा खरा दंश पुढे आहे. जागेच्या विकासाचा मोठा अर्ज दाखल झाला, की त्यानंतर फक्त आधीपासून यादीत असलेली इमारतच संरक्षित करता येते. म्हणजे यादीतून नाव गेलं, की ऐन गरजेच्या वेळी महापालिकेचे हात बांधलेले.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. वर्षानुवर्षं यादीत नाव ठेवायचं आणि निर्णय घ्यायचा नाही, हा मालकावर आणि घर शोधणाऱ्यांवर अन्याय आहे, असं सरकारचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण मुदत घातली आणि ते काम करायला पुरेशी माणसं नसली, तर निर्णय लवकर होत नाही. तो न घेताच होऊन जातो.

पैशाची बाजू

आता दुसरा प्रश्न, खर्चाचा. समजा, तुमची दोन मजली जुनी इमारत आहे आणि त्या जागेवर चाळीस मजले होऊ शकतात. शहराने ती संरक्षित केली, तर उरलेल्या अडतीस मजल्यांची किंमत कोणी सोसायची?

प्रांतांची उत्तरं वेगळी आहेत. ऑन्टारिओत संरक्षित केल्याबद्दल भरपाई द्यावी लागत नाही. मात्र महापालिकेची इच्छा असेल तर ती मालमत्ता करात १० ते ४० टक्के सूट देऊ शकते. अल्बर्टामध्ये उलट. मालकाच्या इच्छेविरुद्ध संरक्षण लादलं आणि किंमत घटली, तर शहराने भरपाई द्यायची. परिणाम उघड आहे. कॅल्गरी आणि एडमंटनमध्ये शहर सहसा मालकाला राजी करूनच पुढे जातं. मालकाला न्याय मिळतो, पण मालक तयार नसेल तर इमारत जाते.

व्हँकुव्हरने तिसरी वाट काढली. तिथलं क्राइस्ट चर्च कॅथीड्रल हे शहरातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चच्याच मंडळींनी ते पाडून तिथे उंच इमारत बांधायचं ठरवलं होतं. लोकांनी विरोध केला, शहराने परवानगी नाकारली. मग तोडगा निघाला तो असा: चर्चच्या डोक्यावरचे न बांधलेले मजले शेजारच्या पार्क प्लेस या मनोऱ्याला विकायचे. चर्चला पैसे मिळाले, मनोऱ्याला उंची मिळाली. मुंबईकरांना हे लगेच कळेल, कारण हा टीडीआरच झाला!

पण याचंही एक दुखणं आहे. व्हँकुव्हरने गॅसटाउन, चायनाटाउन भागातल्या मालकांना डागडुजीच्या बदल्यात असं विकण्याजोगं चटईक्षेत्र भरपूर दिलं. ते विकत घ्यायला तेवढे बिल्डर नव्हते. साठा फुगत गेला आणि २००७ मध्ये शहराला नवं वाटप थांबवावं लागलं. कागदावरचे मजले म्हणजे एक प्रकारची नोटच. जास्त छापल्या की भाव पडणारच.

नुसती भिंत ठेवली तर?

आणखी एक तडजोड सर्रास दिसते. दर्शनी भिंत ठेवायची, मागचं सगळं पाडायचं आणि वर मनोरा चढवायचा. टोरांटोच्या ब्रुकफील्ड प्लेसमध्ये १८४५ च्या एका बँकेचा दर्शनी भाग सुटा करून काचेच्या छताखाली पुन्हा जुळवला आहे. सुंदर दिसतो, पण ती आता इमारत नाही, चित्र आहे.

याच्या शेजारी डिस्टिलरी डिस्ट्रिक्ट ठेवून बघा. १८३२ पासूनचा मद्याचा कारखाना १९९० मध्ये बंद पडला आणि २००३ मध्ये पायी फिरायचा परिसर म्हणून उघडला. भोवती उंच इमारती आल्या, पण जुन्या शेड, गल्ल्या आणि विटा वापरात राहिल्या. वापर बदलला म्हणून वास्तू टिकली.

आणि घरांचं काय? मॉन्ट्रियलच्या मिल्टन-पार्क भागाचं उदाहरण घ्या. बिल्डरने अडीचशेच्या आसपास जुनी घरं पाडून मोठं संकुल उभारलं. रहिवासी वर्षानुवर्षं लढले. उरलेली घरं शेवटी केंद्राच्या गृहनिर्माण संस्थेच्या मदतीने दुरुस्त झाली आणि सहकारी संस्थांच्या हाती गेली. परवडणारी सहाशेच्या आसपास घरं तिथे आहेत, त्याच जुन्या भिंतींमध्ये. जुनं राखणं म्हणजे घरांना विरोध, हे समीकरण तिथे मोडलं. पण लक्षात घ्या, सरकारी पैसा आला म्हणून मोडलं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या जुन्या इमारतीवर विकासाच्या अर्जाची पाटी दिसली, तर तीन गोष्टी विचारा. ही नुसती यादीत आहे की संरक्षित आहे? मालकाचं नुकसान कोण भरून देणार आहे? आणि नवीन मजल्यांत राहायला कोण येणार, ते कोणाला परवडणार? या तिन्हींची उत्तरं मिळाल्यावर तुम्ही पाडण्याच्या बाजूने उभे राहिलात, तरी माझी तक्रार नाही. सगळंच राखता येत नाही. पण जे जाईल ते आपण ठरवून जावं, मुदत संपली म्हणून जाऊ नये.

आता तुमचे प्रश्न घेऊ.