यात्रेतील घोड्यांची वाहतूक : वाहन कसे निवडावे

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. घोडे, खेचरे, गाढवे व उंट यांच्या खरेदी-विक्रीसाठी ही यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. पूर्वी ही जनावरे मजल-दरमजल करीत पायी येत आणि पायीच परत जात. आता बहुतेक घोडे मोटारीने आणले व नेले जातात. घोड्याची चाल, दात व खोडी पारखण्यात दोन दिवस घालविणारा खरेदीदार वाहन मात्र समोर दिसेल ते, कमी भाड्याचे म्हणून ठरवितो. साठविलेली पुंजी घालून घेतलेले जनावर घरी उतरतानाच लंगडे निघते, ते पुष्कळदा या घाईमुळे.

घोडा सारा प्रवास उभ्याने करतो. त्याच्या शरीराचा सुमारे तीन-पंचमांश भार पुढच्या पायांवर असतो. गाडीला हिसका बसला की पाय फाकवून व मान खाली-वर करून तो तोल सावरतो. तेव्हा निसरडा तळ आणि आखूड दोर हे त्याचे दोन मोठे शत्रू होत. मोरकीचा दोर आखूड बांधून तोंड तासन्‌तास वर ठेवल्यास नाकातील व श्वासनलिकेतील धूळ आणि श्लेष्मा बाहेर पडत नाही, फुप्फुसास सूज येते आणि एक-दोन दिवसांनी ताप भरतो. मालकास वाटते, थंडी बाधली!

ट्रॅक्टरची ट्रॉली घरचीच असल्याने स्वस्त वाटते. परंतु घोड्यासाठी ती वापरू नये. सामान्य ट्रॉलीस स्प्रिंग नसतात, बहुधा स्वतंत्र ब्रेकही नसतात. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट खुरांपर्यंत पोहोचतो. गाव दहा-पंधरा किलोमीटरवर असल्यास घोडा पायी नेणे अधिक बरे. साध्या चालीने तो तासाला सुमारे सहा किलोमीटर जातो व त्यास भाडेही लागत नाही. घोड्यांसाठी मुद्दाम बांधलेली, बाजूंना गाद्या लावलेली गाडी सर्वांत उत्तम. पण एक-दोन घोडे बाळगणाऱ्यास ती परवडणारी नाही. उरतात पिकअप आणि ट्रक.

यांतील निवड हौद्याच्या मापावरून करावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रत्येक घोड्यास २.२५ चौरस मीटर जागा हवी. हौदा ९ फूट लांब व साडेपाच फूट रुंद असलेल्या पिकअपमध्ये सुमारे ४.६ चौरस मीटर जागा मिळते, म्हणजे दोनच घोडे मावतात. १७ फूट लांब व ७ फूट रुंद ट्रकमध्ये ती सुमारे ११ चौरस मीटर भरते. त्यात चार घोडे न्यावेत, पाचवा नको. भाड्याचा हिशेब गाडीमागे न करता घोड्यामागे करावा. एकाच दिशेला जाणाऱ्या चौघांनी मिळून ट्रक केल्यास तो पुष्कळदा पिकअपहून स्वस्त पडतो. लातूर, अहमदपूरकडील खरेदीदारांना यात्रेत असे सोबती शोधणे कठीण नाही. खेचरे व गाढवे मात्र घोड्यांबरोबर भरू नयेत; गाभण घोडी व शिंगरूही वेगळे न्यावे.

जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम वाचले म्हणजे गाडीची तयारी कशी असावी हे कळते. तळ घसरणार नाही अशी सोय करावी. काथ्याची चटई किंवा पोती अंथरून वर वाळू व कडब्याचा थर दिल्यास हे काम अल्प खर्चात होते. बाजू बुटक्या असल्यास त्या उंच करून घ्याव्यात. दोन घोड्यांमध्ये निदान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे लावावेत. घोड्यांची तोंडे डावीकडे ठेवावीत, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना ते बुजत नाहीत. अरुंद पिकअपमध्ये असे आडवे उभे करता येत नाही. तेथे तोंड चालकाकडे करून छातीसमोर गोणपाट गुंडाळलेला दांडा बांधावा. प्रत्येक गाडीत एक माणूस जनावरांसोबत असावा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. चालकाशी ही अट भाडे ठरवितानाच बोलून घ्यावी. मागून सांगितल्यास तो ऐकत नाही.

चढविताना फाळक्यावरून उडी मारावयास लावणे हा वाईट प्रघात आहे. गाडी मातीच्या उंचवट्याला लावावी, अथवा हौद्याच्या उंचीच्या तिप्पट लांबीची मजबूत फळी वापरावी. फळीवर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात.

निघण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला घेणे बंधनकारक आहे. त्याच वेळी ग्लँडर्स रोगासाठी रक्ततपासणीचीही चौकशी करावी. हा रोग माणसासही होतो व त्याची माहिती शासनास देणे कायद्याने आवश्यक आहे. नाकातून चिकट पू वाहणाऱ्या घोड्याबरोबर, भाडे कितीही कमी पडो, आपला घोडा एका गाडीत घालू नये. तसा घोडा आधी नेलेली गाडी जंतुनाशकाने धुतल्याखेरीज घेऊ नये.

चारा-पाणी देऊनच घोडा चढवावा. वाटेत दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून पाणी पाजावे व मान मोकळी सोडावी. पौष जवळ आलेला असल्याने रात्रीचे वारे बोचरे असतात. अंगावर झूल घालावी, परंतु ताडपत्रीने गाडी चोहोबाजूंनी बंद करू नये. घरी उतरल्यावर घोडा थोडा फिरवावा, प्रथम पाणी व कडबा द्यावा आणि दाण्याचा तोबरा काही तासांनी लावावा. नवा घोडा दोन-तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा बांधावा आणि पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याचा ताप पाहावा.