पन्हळी प्लॅस्टिकचे शिकाऊ विमान

आकाशातून विमान जाऊ लागले की मुलांचे लक्ष फळ्यावर राहत नाही, हा अनुभव प्रत्येक शिक्षकास आहे. या कुतूहलाचा उपयोग शास्त्र, गणित व हस्तव्यवसाय या तिन्ही विषयांच्या अध्यापनासाठी करून घेता येतो. बिनतारी संदेशाने चालणारे लहान विमान शाळेतच तयार करणे, हा त्याचा एक उत्तम मार्ग होय. अशा विमानांसाठी बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड वापरण्याची जुनी रीत आहे. परंतु ते महाग असते आणि नाजूकही. शिकणाऱ्याच्या हातून विमान पडणार, हे तर निश्चितच. तेव्हा पडूनही टिकेल व त्याच दिवशी दुरुस्त होईल, असेच साहित्य शाळेने निवडले पाहिजे.

साहित्य

जाहिरातींच्या व निवडणुकीच्या फलकांसाठी वापरला जाणारा प्लॅस्टिकचा पत्रा सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन पातळ थर व त्यांच्यामध्ये समांतर पोकळ नळ्या, अशी त्याची रचना असते. बाजारात त्यास बहुधा ‘सनपॅक’ म्हणतात. तो पॉलिप्रोपिलीन या द्रव्याचा असतो. तो पाण्याने भिजत नाही, धारदार सुरीने सहज कापला जातो आणि आदळल्यास बहुधा फुटण्याऐवजी वाकतो. अमेरिकेतील छांदिष्टांनी अशाच फलकांच्या पत्र्यापासून कितीतरी विमाने उडविली आहेत. टाकून दिलेला फलकही या कामी चालतो.

या पत्र्यात दोन उणिवा आहेत. तो बाल्सापेक्षा जड असतो आणि लाकडाचा पांढरा गोंद त्यास मुळीच धरत नाही. म्हणून जोडाची जागा काचकागदाने खरवडून तेथे गरम करून लावावयाचा गोंद वापरावा व शिवाय लहान स्क्रू किंवा प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्या यांनी जोड पक्का करावा.

कृती

पंखासाठी २ मि.मी. जाडीचा, १२० सें.मी. लांब व ४१ सें.मी. रुंद पत्रा घ्यावा. नळ्या लांबीच्या दिशेने असाव्यात. म्हणजे प्रत्येक नळी वाशाप्रमाणे पंखास आधार देते. एका कडेपासून १८ सें.मी. अंतरावरील एक-दोन नळ्यांची आतील बाजू कापून काढावी व तेथे पत्रा दुमडावा. ही पंखाची पुढील कड झाली. तिच्यापासून ६ सें.मी. अंतरावर, दोन थरांच्या मध्ये, २ सें.मी. उंचीची लाकडी पट्टी पंखाच्या पूर्ण लांबीभर बसवावी. खालच्या थराची मागील कड वरच्या थरास जोडली की वरचा थर सुमारे ४ सें.मी. मागे उरतो. दोन्ही टोकांकडील ४०-४० सें.मी. लांबीच्या या पट्टीत एका नळीची खालची बाजू कापून काढल्यास तेथे आपोआप बिजागरी तयार होते. याच हलत्या पट्ट्यांनी विमान डावीउजवीकडे कलते.

धडासाठी जाड पत्र्याची सुमारे ९० सें.मी. लांबीची चौकोनी पेटी दुमडावी व पुढील टोकास मोटरीकरिता प्लायवूडचा तुकडा बसवावा. आडवी शेपटी ४४ सें.मी. लांब व १२ सें.मी. रुंद पुरते. पंख धडाच्या वर रबरी पट्ट्यांनी बांधावा, स्क्रूने आवळू नये. विमान आदळले असता पंख सुटून बाजूस पडतो व मोडत नाही.

मोटर, तिचा वेगनियंत्रक, पट्ट्या हलविणाऱ्या चार लहान सर्व्हो मोटरी, ३ घटांची ११.१ व्होल्टची लिथियम बॅटरी, ग्राहकयंत्र व हातातील प्रेषकयंत्र हे साहित्य मात्र विकतच घ्यावे लागते. खर्चाचा खरा भार येथेच आहे. एका केंद्रातील शाळांनी मिळून एक संच घेतला व प्रत्येक शाळेने सांगाडा तेवढा आपला केला, तर हा भार वाटला जातो.

वर्गातील गणित

पंखाची रुंदी सुमारे २२ सें.मी. भरते. १२० × २२ = २६४० चौ. सें.मी., म्हणजे २६.४ चौ. डेसिमीटर. सर्व साहित्यासह वजन १ किलोग्रॅम भरल्यास प्रत्येक चौ. डेसिमीटरवर सुमारे ३८ ग्रॅम भार येतो. एवढ्या भाराचे विमान हवेत तरून राहण्यास ताशी २७ कि.मी.च्या आसपास वेग लागतो. त्याहून मंद झाले तर ते खाली येते. वजन वाढले की हा वेगही वाढतो, हे मुलांकडून काढवून घ्यावे.

तोल

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तोलाची. पंखाखाली, पुढील कडेपासून ६ सें.मी. अंतरावर, दोन बाजूंस दोन बोटे लावून विमान उचलावे. ते समतोल राहावे किंवा नाकाकडे किंचित झुकावे. प्रस्तुत लेखकाने पहिल्या वेळी ही कसोटी घेतली नाही. ग्रामस्थ जमले होते. विमान सुटताच नाक वर करून थांबले आणि शेपटीकडून कोसळले. मुले हिरमुसली. दुसऱ्या दिवशी सातवीतील एका मुलीने ते मोडके विमान बोटांवर तोलून पाहिले. तोल ९ सें.मी.वर येत होता. “गुरुजी, बॅटरी पुढे सरकवली तर?” असे तिने विचारले. त्या प्रश्नात तरफेचा संपूर्ण पाठ होता. वाकलेले नाक सरळ करून बांबूच्या कामटीने बळकट केले, बॅटरी पुढे बसविली आणि त्या सायंकाळी विमान उडाले.

उड्डाण व दक्षता

प्रथम मोटर बंद ठेवून उंच गवतावर विमान हाताने सोडून पाहावे. ते सरळ तरंगत उतरू लागल्यावरच मोटर लावावी. शक्य तर पहिले उड्डाण जाणत्या व्यक्तीकडून करवावे. उंची लवकर गाठावी. कारण उंची म्हणजे चूक सुधारण्यास मिळणारा अवधी होय. विमान आपल्याकडे येत असता डावेउजवे उलटे भासते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूस दांडी ढकलावी; पंख सरळ होतो.

फिरते पाते बोट कापू शकते. म्हणून तपासणीच्या वेळी ते काढून ठेवावे. बॅटरी शिक्षकांनीच व समोर बसून भारित करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. विजेच्या तारा, रस्ता व गर्दी यांपासून दूर मैदान निवडावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या व तांबड्या क्षेत्रांत विभागलेले आहे. आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते व नोंदणीच्या अटी काय आहेत, हे उड्डाणापूर्वी पाहून घ्यावे.

विमान पडले तर मुलांना रागावू नये. का पडले, हे प्रत्येकाने वहीत लिहावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा मैदानावर जावे. ज्या शाळा हा उपक्रम हाती घेतील त्यांनी अशा नोंदी एकमेकींस अवश्य दाखवाव्यात.