ज्येष्ठांना गृहपाठ द्या!

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी एक व्याख्यान दिलं. विषय होता ‘मेंदू आणि स्मरणशक्ती’. माझी पीएचडी उंदरांच्या मेंदूवर चालू आहे, त्यामुळे चिटणीस काकांनी ‘आपल्याच सोसायटीतली मुलगी, शास्त्रज्ञ आहे’ अशी ओळख करून दिली. (शास्त्रज्ञ व्हायला अजून प्रबंध लिहून व्हायचाय, पण असो.) पन्नासेक खुर्च्या भरलेल्या, नारळ आणि गुलाबाचं फूल, चाळीस मिनिटं स्लाइड्स, टाळ्या, चहा-बिस्किटं. सगळं कसं छान पार पडलं.

चहा घेताना बँकेतून निवृत्त झालेले एक काका जवळ आले. म्हणाले, “बाळा, बोललीस चांगलं. आमच्याकडे दर आठवड्याला कुणी ना कुणी येतंच. मधुमेह झाला, म्युच्युअल फंड झाले, ज्ञानेश्वरी झाली. आम्ही ऐकतो. मला एवढंच सांग, असं ऐकून ऐकून स्मरणशक्ती टिकते का गं?”

मी “हो, थोडीफार मदत होते” असं काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. नंतर चिटणीसांकडून कळलं, की काकूंना गेल्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय. म्हणजे काकांनी सहज म्हणून विचारलेलं नव्हतं. आणि मी तर उत्तर माहीत असूनही टाळलं होतं, कारण खरं उत्तर माझ्याच व्याख्यानाच्या विरोधात जात होतं. ते उत्तर आज इथे लिहिते.

आधी उंदरांची गोष्ट

आमच्या क्षेत्रात एक जुना प्रयोग फार प्रसिद्ध आहे. १९९७ मध्ये गर्ड केम्परमान, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी काही उंदीर साध्या पिंजऱ्यात ठेवले आणि काही मोठ्या पिंजऱ्यात. मोठ्या पिंजऱ्यात बोगदे होते, खेळणी होती, पळायला चाक होतं, सोबत इतर उंदीर होते. काही आठवड्यांनी मोठ्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूत, ‘हिप्पोकॅम्पस’ नावाच्या भागात, जास्त नव्या चेतापेशी सापडल्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी नोंदवून घेणारा भाग. आपल्या कानशिलाच्या आत, साधारण कानाच्या पातळीला तो असतो. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी म्हाताऱ्या उंदरांवर हा प्रयोग केला आणि तिथेही परिणाम दिसला.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा शोध. या नव्या पेशी तयार झाल्या तरी त्यातल्या बऱ्याचशा काही आठवड्यांत मरून जातात. एलिझाबेथ गूल्ड आणि ट्रेसी शोर्स यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की त्या काळात उंदराला हिप्पोकॅम्पस कामाला लावणारी गोष्ट शिकायला दिली तर त्या पेशी जास्त संख्येने जगतात. शोर्स यांच्या नंतरच्या कामातून आणखी एक अट पुढे आली. शिकणं अवघड असलं पाहिजे आणि शेवटी ते जमलंही पाहिजे. झटकन जमणाऱ्या गोष्टीने फारसं काही होत नाही आणि कधीच न जमणाऱ्या गोष्टीनेही नाही.

आता घाईने उंदरावरून माणसावर उडी मारायची नाही, हे आमच्या प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का, यावर अजून वाद आहे. २०१८ मध्ये दोन नामवंत गटांनी जवळजवळ एकाच वेळी बरोब्बर उलटे निष्कर्ष छापले होते! त्यामुळे पेशी राहू देत बाजूला. माणसांना प्रत्यक्ष काहीतरी शिकवून काय झालं, ते बघू.

गोधडी, कॅमेरा आणि नुसत्या गप्पा

अमेरिकेत टेक्सासमध्ये डेनिस पार्क यांच्या गटाने ‘सिनॅप्स प्रोजेक्ट’ नावाचा एक अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वयाचे २२१ लोक, सुमारे तीन महिने, आणि दर आठवड्याला पंधरा-सोळा तास! कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. एका गटाने डिजिटल फोटोग्राफी आणि संगणकावर फोटो सुधारणं शिकलं. दुसऱ्याने गोधडीसारखं ठिगळकाम शिकलं. तिसऱ्याने दोन्ही, अर्धं-अर्धं. चौथा गट एकत्र जमायचा, सहलीला जायचा, सिनेमे बघायचा, गप्पा मारायचा, पण नवं कौशल्य असं काही शिकायचा नाही. पाचव्या गटातले लोक घरी बसून माहितीपट बघायचे, शास्त्रीय संगीत ऐकायचे, शब्दकोडी सोडवायचे.

चौथ्या गटाकडे नीट बघा. आपल्याकडचे बहुतेक संघ आणि विरंगुळा केंद्रं याच गटात बसतात. आणि माझं व्याख्यान? ते पाचव्या गटाच्या जवळचं.

शेवटी सगळ्यांच्या चाचण्या घेतल्या. नवं कौशल्य शिकणाऱ्यांची प्रसंगस्मृती (म्हणजे नुकतंच ऐकलेलं-पाहिलेलं लक्षात ठेवण्याची क्षमता) बाकीच्यांपेक्षा सुधारली. फोटोग्राफीवाल्यांमध्ये हे सगळ्यात ठळक होतं. कारण ते सतत नवं होतं. आज प्रकाश, उद्या लेन्स, परवा संगणकावरची अनोळखी बटणं. प्रत्येक पायरीवर आधीचं आठवून त्यात नवं बसवावं लागायचं.

याचा अर्थ गप्पा वाया गेल्या असा अजिबात नाही. एकटेपणा कमी होणं हीच मोठी गोष्ट आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके मोजले. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, हवेचं प्रदूषण यांच्या पंक्तीला सामाजिक एकटेपणाही आहे. पण गप्पांनी मन भरतं आणि शिकण्याने स्मृतीला व्यायाम मिळतो, ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

“मग मी रोज सुडोकू सोडवतो ते?” हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतच ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीत २,८०० हून अधिक ज्येष्ठांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकाचं प्रशिक्षण दिलं होतं. २००२ मधले निष्कर्ष साधे होते. ज्याचा सराव केला, ते सुधारलं. तर्काचा सराव केल्याने स्मरणशक्ती वाढली नाही. सुडोकूने तुम्ही सुडोकूत तरबेज होता. आवडतं तर जरूर सोडवा, पण त्याला औषध समजू नका.

नवं, पण कुणासाठी?

इथे एक गंमत आहे. टेक्सासमधल्या आजीसाठी ठिगळकाम नवं होतं. आपल्याकडे गावोगावच्या आज्या पन्नास वर्षं गोधड्या शिवत आल्यात. त्यांना ‘गोधडी वर्ग’ दिला तर त्या हसतील. त्यांना तिथे शिक्षिका करा! आणि शिकायला दुसरं काहीतरी द्या. म्हणजे एकच वर्ग सगळ्यांना लागू होत नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या काकांना हिशेबाची कोडी काय कामाची? त्यांना तबला द्या.

आणि ज्यांना शाळाच मिळाली नाही, त्यांचं काय? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून साठीच्या पुढच्या आज्या दुपारी अक्षरं गिरवायला बसू लागल्या. ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत आणि ‘किती गोड!’ म्हणून पुढे पाठवलेत. माझं म्हणणं असं, की यात ‘गोड’पणापेक्षा कष्ट जास्त आहेत. साठीनंतर ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखणं हे बोटांना, डोळ्यांना, स्मृतीला एकदम कामाला लावणारं काम आहे.

देवनागरीवरूनच एक अभ्यास सांगते. २०१७ मध्ये मायकेल स्काइडे, फाल्क ह्युटिग आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांमधल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचं स्कॅनिंग केलं. मेंदूच्या अगदी खोलातल्या भागांचा दृष्टीशी संबंधित भागांशी असलेला ताळमेळ बदललेला दिसला. हे लोक सरासरी तिशीतले होते, आज्यांच्या वयाचे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. पण ‘शिकायचं वय गेलं’ हे वाक्य आपण किती लवकर बोलतो, तेही यातून कळतं.

अडथळा कधी कधी कानात असतो

आता थोडं घरचं. माझी आजी तिच्या भजनी मंडळाची खंदी सभासद. तीनेक वर्षांपूर्वी तिने जाणं कमी केलं, मग बंदच केलं. विचारलं तर “कंटाळा येतो” म्हणायची. सांगितलेलं तिच्या लक्षात राहीना, भलतीच उत्तरं द्यायची. आम्ही आपसात म्हणू लागलो, ‘वय झालं तिचं, विसरायला लागली.’ मी, मेंदूवर संशोधन करणारी, मीही तेच म्हणत होते.

आत्याने नेटाने तिची श्रवणचाचणी करून घेतली. आजी विसरत नव्हती, तिला नीट ऐकूच येत नव्हतं. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? श्रवणयंत्राची सवय व्हायला दोन महिने कटकट झाली, पण आता ती पुन्हा मंडळात जाते.

ऐकू कमी येणं हाही लॅन्सेटच्या त्या १४ धोक्यांपैकी एक आहे. पण इथेही तिखटमीठ लावायला नको. २०२३ च्या ‘अचीव्ह’ चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं आणि मार्गदर्शन दिलं. तीन वर्षांनी सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही. मात्र ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्या गटात आकलनशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे यंत्र हा सगळ्यांसाठी चमत्कार नाही, पण काहींसाठी मोठा आधार आहे.

मग संघात करायचं काय?

तुम्ही एखाद्या संघाचे चिटणीस असाल किंवा तुमचे आई-बाबा, आजी-आजोबा तिथे जात असतील, तर या गोष्टी बघा:

१. एकेक व्याख्यान भरवण्याऐवजी दहा-बारा आठवड्यांचा एकच वर्ग ठेवा. मोडी लिपी, मोबाइलवर फोटो, कन्नड, पेटी, काहीही चालेल. सातत्य हवं.

२. गृहपाठ द्या. पुढच्या वेळी तो सगळ्यांसमोर दाखवायचा. चुकलं तर हसायचं, पण सोडायचं नाही.

३. शिकणाऱ्याला ते थोडं जड वाटलं पाहिजे आणि शेवटी जमलंही पाहिजे. पायऱ्या लहान ठेवा.

४. जो एका वर्गात विद्यार्थी, तो दुसऱ्या वर्गात शिक्षक. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज’ सुरू झाली ती याच तत्त्वावर, सभासदच सभासदांना शिकवतात.

५. खोली तळमजल्यावर, पंखे कमी आवाजाचे, अक्षर मोठं. आणि कुणी अचानक यायचं थांबलं, तर ‘कंटाळा आला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. आधी कान आणि डोळे तपासायला सांगा.

आता काकांचं उत्तर. काका, नुसतं ऐकून फारसं होत नाही. शिकल्याने काही प्रमाणात होतं. पण शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतोच, असं आज कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्याकडून काही विकत घेऊ नका. आणि काकूंसारख्या, निदान झालेल्या लोकांसाठीही गटातल्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये २०१ लोकांवर झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा अशा १४ बैठका घेतल्या. गाणी, वस्तू, शब्दांचे खेळ, चालू घडामोडी, असं सगळं गटात. सहभागी लोकांची आकलनशक्ती आणि जगण्याची प्रत दोन्ही सुधारली. चेन्नईत ही पद्धत आपल्याकडच्या वातावरणात बसवून वापरली गेली आहे. काकूंच्या डॉक्टरांना ‘कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी’ याच नावाने विचारा.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे तू परत व्याख्यान द्यायचं नाहीस तर.”

नाही देणार. त्याऐवजी दर शनिवारी चार वाजता मोबाइल-फोटोग्राफीचा वर्ग घेते आहे. बारा शनिवारांपैकी तीन झाले. नऊ विद्यार्थी आहेत, त्यातल्या दोघांना अजून फोटो पाठवता येत नाही. या आठवड्याचा गृहपाठ आहे ‘खिडकीतला उजेड’. काकांनी काल रात्री साडेदहाला पाठवला. खिडकीजवळ बसून वाटाणे सोलणाऱ्या काकूंचा. थोडा हललाय. शनिवारी पुन्हा काढायला सांगणार आहे.