हाकेच्या अंतरावर

शहापुरातलं आमचं जुनं घर सोडून रामतीर्थनगरात राहायला यायचं ठरलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तिथं हाक मारली तर ओ कोण देणार?"

आम्ही हसण्यावारी नेलं. शहापूर म्हणजे संस्थानी काळात सांगलीकरांचं गाव. विणकर आणि सराफांची पेठ, भिंतीला भिंत लागलेली घरं. नव्या वसाहतीत मात्र 'तीस-चाळीस'ची साइट, रुंद रस्ता, दारात गाडी, बागेसाठी राखलेली जागा. शाळा-दवाखान्यासाठी 'सीए साइट'सुद्धा नकाशात होती. बेळगावला पाणी येतं राकसकोप आणि हिडकलहून. २००८ पासून शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोगही झाला. त्यामुळे घर बघताना आम्ही नळ, गटार, रस्ता सगळं तपासलं. शेजार तेवढा तपासला नाही.

पहिले सहा महिने आई व्हरांड्यात बसून रस्ता बघायची. जाणारं माणूस दिसायचंच नाही. शेजारी गोकाककडचं कन्नड कुटुंब. त्यांच्या आज्जी रोज कंपाउंडवरून विचारायच्या, "ऊटा आतेन्री?" आई "आत्री" म्हणायची आणि संभाषण तिथंच संपायचं.

एका दुपारी आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. आई न्हाणीघरात घसरली. मोबाइल बाहेरच्या खोलीत. तिनं हाक मारली ती मराठीत, "अगं आई गं!" ती ऐकली पलीकडच्या आज्जींनी. त्यांनी सुनेला धाडलं, रिक्षा बोलावली, आणि आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा आईचा हात धरून त्याच बसल्या होत्या. खुब्याचं हाड वाचलं, मनगटावर भागलं.

प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात दोन्ही घरांनी मिळून मधल्या कंपाउंडची तीन फूट भिंत पाडली आणि तिथं लोखंडी फाटक बसवलं. त्याला कडी आहे, कुलूप नाही. आता संध्याकाळी दोघी शेंगा सोलत बसतात. एक मराठीत बोलते, दुसरी कन्नडमध्ये. मध्येच दोघींची भाषा बदलते, ते त्यांच्याही लक्षात येत नाही.

मंडळी, नवी साइट घेताना नकाशा जरूर बघा. पाणी, रस्ता, बस, दवाखाना सगळं विचारा. पण एकदा शेजारच्या दाराशी जाऊन घोटभर चहाही पिऊन या. ती सोय नकाशात दाखवलेली नसते.