घरचे डिजिटल दप्तर : यंत्र, प्रती आणि जतन

नेटवर्क साठवण यंत्र, ज्याला व्यवहारात ‘नॅस’ म्हणतात, ते मुळात पडदा आणि कळफलक नसलेला एक लहान संगणकच असते. त्यात हार्ड डिस्क बसवण्यासाठी एक, दोन किंवा चार खण असतात, ते लॅन केबलने राउटरला जोडलेले असते आणि चोवीस तास चालू राहते, त्यामुळे घरातल्या कोणत्याही मोबाइलवरून वा लॅपटॉपवरून त्यातील फोल्डर उघडता येतात. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या तैवानी कंपन्यांची तयार यंत्रे प्रसिद्ध आहेत. पडून असलेला जुना संगणक वापरायचा असेल, तर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट या विनामूल्य प्रणाली त्यावर बसवता येतात. खरेदीची चर्चा बहुधा खण किती आणि प्रोसेसर कोणता यांभोवतीच फिरत राहते. वस्तुतः आधी विचारायचा प्रश्न हा, की हे यंत्र उद्या सकाळी सुरूच झाले नाही, तर घरातले काय कायमचे जाईल.

या प्रश्नाला विक्रेत्यांकडून मिळणारे ठरलेले उत्तर म्हणजे ‘रेड’. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एखाद्या महागड्या मोठ्या डिस्कचे काम करून घ्यावे आणि त्यांतील एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राहावी, ही मांडणी बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली, आणि दोन खणांच्या घरगुती यंत्रात तिचे सर्वांत साधे रूप, म्हणजे दोन्ही डिस्कवर तंतोतंत तेच लिहिले जाणे, वापरात असते. एक डिस्क गेली की नवी बसवावी. तोवर काम थांबत नाही. मात्र चुकून पुसलेला फोल्डर त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून पुसला जातो, आणि विजेचा झटका, चोरी किंवा पाणी दोन्ही डिस्क एकदमच नेते. म्हणून रेडला बॅकअप समजणे ही या विषयातील सर्वांत घातक चूक होय.

बॅकअप म्हणजे मूळ यंत्रापासून वेगळी असलेली आणि मागच्या तारखेची स्थिती परत देऊ शकणारी प्रत. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम येथे प्रमाण मानावा : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. एकाच प्रतीवर विसंबण्याचे परिणाम मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवे नाहीत. महानुभाव परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि अनुयायांना ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली, म्हणून आज तिचे वेगवेगळे पाठ आढळतात. ग्रंथाच्या बाबतीत निदान स्मरण तरी होते. आजीच्या एकुलत्या एका फोटोच्या बाबतीत तेही नसते. घराबाहेरची प्रत अनेकांना अतिरेकी वाटते. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळुणात घरेच्या घरे पाण्यात गेली, आणि अशा वेळी कपाटातले यंत्र आणि त्याच कपाटातली दुसरी डिस्क यांत काहीच फरक उरत नाही.

ही बाहेरची प्रत क्लाउडवर ठेवावी, की डिस्कवर घेऊन नातेवाइकांकडे, हे इंटरनेटच्या वेगावर ठरते. घरून वर पाठवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर १ टेराबाइट माहिती जायला अखंड साडेचार दिवस लागतात, तर घरातल्या गिगाबिट जाळ्यावर तेवढीच माहिती सुमारे अडीच तासांत उतरते. त्यामुळे फोटो आणि कागदपत्रे कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा रूपात, क्लाउडवर पाठवावीत आणि मोठे व्हिडिओ डिस्कवर घेऊन ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी, ही विभागणी बहुतेक कुटुंबांना परवडते.

डिस्क निवडताना एक तपशील डोळसपणे पाहावा लागतो. साध्या, ‘सीएमआर’ नावाच्या पद्धतीत डिस्कवरील लेखनाचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात. दुसऱ्या, ‘एसएमआर’ नावाच्या पद्धतीत ते छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधले कौल बदलायचे तर पुढची कौलेही उचलून पुन्हा रचावी लागतात, तसे येथे एका पट्ट्यात बदल करायचा तर पुढचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. बिघडलेल्या डिस्कच्या जागी अशी डिस्क बसवली, की तिच्यावर सर्व माहिती उतरवण्याचे काम फार रेंगाळते, आणि नेमक्या त्या काळात उरलेली एकच डिस्क सगळा भार वाहत असते. नॅससाठी ‘सीएमआर’ असे स्पष्ट नमूद केलेलीच डिस्क घ्यावी. वीज जाते त्या गावी यूपीएस हवाच, आणि तो यूएसबी केबलने नॅसला जोडलेला असावा, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र स्वतःहून नीट बंद होते.

घराबाहेरून फोटो पाहता यावेत म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडे ठेवण्याचा मोह टाळावा. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रणालींनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप यंत्रांतील फायली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. अशा हल्ल्यात नॅसला सतत जोडलेली डिस्कही सुरक्षित नसते. वाचते ती काढून ठेवलेली.

शेवटची गोष्ट बहुतेक घरांत राहूनच जाते, ती म्हणजे प्रत उघडून पाहणे. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, तेव्हा स्टुडिओचा बॅकअप निकामी असल्याचे लक्षात आले आणि काम वाचले ते घरून काम करणाऱ्या एका सहकारी स्त्रीच्या संगणकावरील प्रतीमुळे. वाचकांनी या दिवाळीत आपल्या बॅकअपमधून कोणत्याही एका जुन्या वर्षाचा फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवून त्यातले दहा फोटो उघडून पाहावेत, आणि कूटबद्ध प्रतीची किल्ली कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाच्या हाती द्यावी.